लिहापढी

ताडोब्याच्या जंगलालगतच्या मोहर्लीच्या रस्त्यावर एका दुकानाबाहेर टी-शर्ट लटकत होता. काळ्या कापडावर वाघाचं तोंड. मी दोन पावलं पुढे गेलो आणि मागे वळलो. माझ्या चित्रातल्या वाघाच्या डाव्या डोळ्यावर तीन पट्टे असे एकत्र येतात की चिमणीचा पाय उमटल्यासारखा दिसतो. तो पाय इथे उजव्या डोळ्यावर होता. कुणीतरी चित्र उलटवून छापलं होतं, खूण खोडायची मात्र राहून गेली होती.

ताडोब्यात वाघ ओळखतात तेही पट्ट्यांवरूनच. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, डावी कूसही उजवीसारखी नसते. म्हणून कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. मीही माझा वाघ तसाच ओळखला.

ते चित्र मी काही महिन्यांपूर्वी एका पर्यटन व्यावसायिकाला दिलं होतं. खोल्यांच्या दारावरच्या पाट्यांसाठी हवं होतं. सगळं फोनवरच बोलणं. "भाऊ, एक झकास वाघ काढून द्या जी, पाटीवर लावाचा आहे." चार हजार ठरले. दोन ओळी लिहून घेऊ का, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "आपल्यात काहून लिहापढी जी?" आमच्या भागात कागदावरच्या व्यवहाराला लिहापढी म्हणतात आणि ती मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असा समज आहे. मला ओशाळल्यासारखं झालं. दोन हजार हातात आले, उरलेले "सीझन झाल्यावर" मिळणार होते. सगळ्या थरांसकट (लेयर्स) मूळ फाईल मी त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घालून देऊन आलो.

घरी पोचेपर्यंत तक्रारीचा मजकूर डोक्यात तयार होता. पुरावा म्हणून जुनं फोल्डर उघडलं आणि तिथेच थांबलो. चित्राच्या शेजारी एक फोटो होता, इंटरनेटवरून उतरवलेला. तोंडाचा कोन, कानांची ठेवण, मिशांची वळणं, सगळं मी त्या फोटोवर थर ठेवून गिरवलेलं होतं. पट्टे तेवढे माझे. कुणीतरी मे महिन्याच्या उन्हात पाणवठ्यावर तासन् तास बसून तो फोटो मिळवला असणार, आणि मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. मी तक्रार केली नाही. उरलेले दोन हजारही आले नाहीत.

चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, अहेरी इथे टॅबलेटवर चित्रं काढून पोट भरू पाहणारी मुलंमुली आता आहेत. नागपूर-पुण्याला न जाता घरी राहून हे करता येतं, ही मोठी सोय आहे. त्यांच्यासाठी हा सगळा प्रपंच.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण तिथेच बहुतेकांची समजूत चुकीची असते. चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझाच, असं आपण धरून चालतो. कॉपीराइट कायदा, १९५७ सर्वसाधारणपणे तेच म्हणतो. पण त्याच्या १७व्या कलमात एक अपवाद आहे. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. टॅबलेटवरचं चित्र या शब्दांत बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. चार हजारांच्या कामासाठी तो वाद कोर्टात नेणं आपल्याला परवडणारं नाही. "उलट काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द मात्र नीट वाचावेत. ठरवायची मुभा कायद्याने दिलेली आहे, आपण ती वापरत नाही.

हक्क सोडून द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, असं १९वं कलम सांगतं. कोणतं चित्र, कोणते हक्क, किती काळ आणि कुठे, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क दिल्यानंतरही चित्र आपलं आहे असं सांगण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार ५७व्या कलमाने चित्रकाराकडेच राहतो. एरवी चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. एवढा लांब पल्ल्याचा माल आपण पेन ड्राइव्हवर घालून देऊन येतो.

पाटीसाठी दिलेलं चित्र पाटीपुरतंच, हे म्हणायला एक ओळ पुरली असती. टी-शर्टवर हवं असेल तर त्याचा दर वेगळा, कॅलेंडरवर हवं असेल तर वेगळा. चित्र एकच राहतं, परवानग्या अनेक निघतात आणि पैसा त्या परवानग्यांत असतो.

हे नवं नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापखाना आर्थिक अडचणीत आल्यावर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, आणि यंत्रांबरोबर चित्रं छापण्याचे हक्कही गेले. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती त्यानंतरही कित्येक दशकं घराघरांत जात राहिल्या. नाव चित्रकाराचं होतं, गल्ला दुसऱ्याचा. दीनानाथ दलालांनी वेगळी वाट धरली. मुखपृष्ठांची कामं ढिगाने मिळत असतानाच त्यांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं, म्हणजे चित्र जिथे छापून येणार ती जागाच आपली करून घेतली. वसंत सरवटे आयुष्यभर मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना चित्रं देत राहिले, पण पगार ए.सी.सी. सिमेंट कंपनीतल्या इंजिनिअरच्या नोकरीचा होता. नोकरी सांभाळणारा कमी प्रतीचा कलावंत, हा विचार डोक्यात असेल तर सरवट्यांची रेषा बघावी. पहिली दोन-तीन वर्षं शिकवण्या, फोटो स्टुडिओ, कॉम्प्युटर क्लास, काहीही धरून ठेवायला माझी अजिबात हरकत नाही. उलट आग्रहच आहे.

उसनवारीचा धडा मला फोटोने दिला, पण आपल्याकडे तो दुसऱ्या एका वाटेनेही समोर येतो. रिसॉर्टवाले हमखास "गोंड स्टाईल" मागतात. बारीक ठिपक्या-रेषांनी भरलेलं हरीण, शिंगांतून फुटलेलं झाड. ही शैली चंद्रपूर-गडचिरोलीची नाही. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड कलाकार जनगढ सिंह श्याम यांना १९८०च्या दशकात चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं, आणि भिंतीवरच्या परंपरेतून कागद-कॅनव्हासवरचं हे रूप उभं राहिलं. जनगढ २००१ मध्ये जपानमध्ये वारले. त्यांच्याच गावचे भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' २००४ मध्ये आलं, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसं, त्यांचे नातेवाईक, त्यांचे शिष्य आज त्याच रेषेवर जगत आहेत. ग्राहकाने तशी शैली मागितली तर "त्यासाठी त्यांच्यापैकीच कुणाला काम द्या, मी जोडून देतो" असं म्हणावं. मी दोनदा म्हटलं, एकदा ऐकलंही गेलं. आपल्या भागातलं काढायचं तर माडियांच्या घराचं कुडाचं कुंपण, वैनगंगेतले डोंगे, मार्कंड्याच्या देवळावरची शिल्पं, आलापल्लीचा साग, हे कुणाकडूनही उसनं न घेता काढता येतं.

संगणकाने क्षणात काढून दिलेल्या चित्रांची भीती सगळ्यांनाच आहे, मलाही. ती धरूनच एक सांगतो. एका माहितीपत्रकासाठी ग्राहकाने असं तयार चित्र पाठवलं. मोह वेचणारी बाई आणि झाडाला गुलाबी फुलांचे घोस. मोहाचं फूल असं नसतं. ते फिकट पिवळसर, मांसल, बोराएवढं असतं, रात्री गळतं आणि पहाटे जमिनीवरून वेचतात. आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ केलेली असते. बाई उभी नसते, वाकलेली किंवा उकिडवी असते, शेजारी टोपली. मी हे सांगितलं तेव्हा काम माझ्याकडे आलं, आणि या वेळी कागदासकट आलं. गडचिरोलीतल्या वाचकाने ते गुलाबी झाड बघितलं असतं तर पत्रकातल्या बाकीच्या माहितीवरही त्याचा विश्वास बसला नसता.

आता महिन्यांचा हिशेब. या जिल्ह्यांत काम बारा महिने सारखं येत नाही. ताडोब्याचं गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं. ते बंद झालं की पर्यटनवाल्यांचे फोन थांबतात आणि थकलेले पैसेही थांबतात. धान निघालं की दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत, मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या निमित्ताने गावोगाव, रात्र रात्र. वडशात नाटक मंडळांच्या कचेऱ्या आहेत, आणि हंगामाच्या तोंडावर तिथे एकाच वेळी सगळ्यांना पोस्टर हवं असतं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर बाहेरच्यांचंही लक्ष इकडे वळलं. या पोस्टरमध्ये चित्रकाराला जागा आहे, पण दसऱ्यानंतर धावाधाव करून नाही. कामाच्या नमुन्यांचा कागद ऑगस्टमध्येच मंडळांपर्यंत पोचवावा, अर्धी रक्कम आधी घ्यावी, दुरुस्त्या दोन वेळाच हे तोंडावर सांगावं. फ्लेक्सवर जाणारं चित्र पडद्यावर दिसतं तसं उतरत नाही. चकचकीत हिरवा तर हमखास मळतो. छपाईवाल्याकडून हातभर तुकडा आधी छापून घ्यावा.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट कधी दिवसेंदिवस बंद असते, वीज आणि नेटवर्कही जातं. त्या बाजूला राहणाऱ्याने जुलै-ऑगस्टची तारीख कबूल करताना हाताशी आठवडा जास्तीचा ठेवावा, आणि का ठेवला ते मुंबईच्या संपादकाला सरळ सांगावं. मी सांगितलं आहे, कुणी काम काढून घेतलेलं नाही.

पैसे अडकले तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उद्यम नोंदणी करून ठेवा. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन होते, फी लागत नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, आणि लेखी मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवसांच्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज चढतं, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार लघु उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी, पैसे बुडाल्यावर केलेली उपयोगाची नाही. कंपनीने मोबदल्यातून कर कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का ते बघून विवरणपत्र भरावं. उत्पन्न थोडं असेल तर तो परत मिळतो. अनेक जण ही रक्कम तशीच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि कुणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.

टी-शर्ट बघितल्यानंतरच्या हिवाळ्यात मी स्वतः जिप्सीत बसलो. पहिल्या दोन फेऱ्यांत वाघ दिसला नाही, तिसरीत वीसेक सेकंद दिसला, तोही पाठमोरा. चितळं आणि सांबरं मात्र भरपूर रेखाटली, आणि ती वही आज माझ्या बहुतेक कामांच्या मुळाशी आहे. माझा करार एका पानाचा आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात: चित्र कोणतं, वापर कुठे, किती काळ, रक्कम किती, आगाऊ किती, दुरुस्त्या किती, आणि थरांची मूळ फाईल दिली जाणार नाही. मंजुरीसाठी लहान आकाराची, नाव टाकलेली प्रत जाते, मोठी फाईल पूर्ण पैसे आल्यावर. "काहून लिहापढी जी?" असं आजही विचारतात. "तुमच्याही सोयीसाठी जी, उद्या मी हेच चित्र दुसऱ्याला विकू नये म्हणून," असं मी सांगतो, आणि बहुतेक जण सही करतात. ज्यांनी केली नाही असे तीन जण झाले, त्यांचं काम मी घेतलं नाही.

तुमचं पुढचं काम फोनवर ठरलं असेल तर आज संध्याकाळीच ते एका पानावर उतरवून समोरच्याला पाठवा, आणि फाईल सही आल्यावर द्या.