दरतक्ता आपोआप निघतो तेव्हा

आंतरराष्ट्रीय कॉलचा घाऊक धंदा बाहेरच्यांना फारसा दिसत नाही. लंडनमधला माणूस किंग्स्टनला फोन लावतो तेव्हा तो कॉल मधल्या दोन-चार कंपन्यांच्या हातून जातो. प्रत्येक कंपनी पुढच्या कंपनीकडून मिनिटं विकत घेते, त्यावर थोडा नफा चढवते आणि मागच्या कंपनीला विकते. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यासारखंच काम, फक्त माल साठवता येत नाही आणि नफा मिनिटामागे सेंटच्या अंशात मोजायचा.

मी पुण्यात बसून अशा कंपन्यांची बिलिंगची घडी बसवून देतो. हल्ली सगळ्यांची मागणी एकच असते: व्हेंडरची, म्हणजे पुढच्या कंपनीची, रेटशीट मेलवर आली की सॉफ्टवेअरने ती वाचावी, तिच्यावरून कस्टमरचा, म्हणजे मागच्या कंपनीचा, रेट टेबल काढावा आणि पाठवूनही द्यावा. मागणी रास्त आहे. एकेका शीटमध्ये हजारो डायलिंग कोड असतात आणि दर आठवड्यातून दोन-तीनदा बदलतात. हाताने हे करायला माणसं पुरणार नाहीत. पण सेटिंगच्या पानावर लोक सगळा वेळ मार्जिन किती टक्के ठेवायचं यावरच घालवतात. यंत्राने कधी थांबायचं, हे ठरवायला कुणाला सवड नसते.

हे सांगण्यामागे एक प्रकरण आहे. कंपनीचं नाव घेत नाही. तिच्या एका व्हेंडरच्या शीटमध्ये देशाचा कोड एका रकान्यात आणि पुढचे कोड दुसऱ्या रकान्यात स्वल्पविराम देऊन लिहिलेले असत. जमैकाच्या ओळीत पहिल्या रकान्यात 1 आणि दुसऱ्यात 658,876. इम्पोर्टच्या आधी तिथल्या कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडली, एका रकान्याचं शीर्षक दुरुस्त केलं आणि सेव्ह केली. एक्सेलला ते दोन कोड वाटलेच नाहीत; त्याने ती सहा लाख अठ्ठावन्न हजार आठशे शहात्तर ही संख्या समजून स्वल्पविराम काढून टाकला. झालं, 1876 हा जमैकाचा मुख्य कोड शीटमधून गायब आणि त्याच्या जागी 1658876 असा एक नवाच कोड हजर. दिसायला तो बिनचूक, त्यामुळे इम्पोर्टने हूं की चूं केलं नाही.

आता गंमत बघा. बिलिंगमध्ये एखादा कोड गेला म्हणजे त्या देशाचे कॉल बंद होत नाहीत. डायल केलेल्या नंबराशी जास्तीत जास्त अंक जुळणारा कोड शोधायचा, हा नियम. 1876 नाही, मग त्याच्या वरचा 1 सापडतो, म्हणजे अमेरिका. अमेरिकेचा दर सेंटच्या अंशात, आणि जमैकाच्या मोबाइलचा त्याच्या कित्येक पट. त्यातून टेबल काढणाऱ्या जनरेटरमध्ये दोन सेटिंग चालू होती: सर्वांत स्वस्त व्हेंडर धरा, आणि व्हेंडरकडे कोड नसेल तर वरच्या कोडचा दर घ्या. बाकी व्हेंडरांकडे जमैकाचा खरा दर होता. तरी यंत्राने इमानदारीने सर्वांत स्वस्त दर निवडला, तो अमेरिकेचा. वर मार्जिन लावलं आणि शुक्रवारी रात्री टेबल सगळ्या कस्टमरांना रवाना केला.

कस्टमरांकडेही अशीच यंत्रं. त्यांना जमैका इतका स्वस्त दुसरीकडे कुठेच मिळेना, त्यामुळे शनिवारी त्यांनी आपला सगळा जमैका या कंपनीकडे वळवला. आणि इकडे नफ्याचा रिपोर्ट हिरवागार! कारण खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजू त्याच चुकलेल्या दरावरून मोजल्या जात होत्या. मिनिटं वाढलेली दिसली तेव्हा सेल्सवाले खूश झाले. व्हेंडरचं साप्ताहिक इन्व्हॉइस हातात पडलं तेव्हा कुठे उजेड पडला. व्हेंडरने आपल्या मूळ शीटप्रमाणे पैसे लावले होते आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. कस्टमरांकडून फरक मागायलाही तोंड नव्हतं, दर तर आपणच लेखी कळवलेला. एक्सेलचा दोष की माणसाचा, यावर तिथे बराच खल झाला. मला त्यात रस नव्हता. माणसं फाइल उघडणारच, उद्या दुसरं काही होईल.

म्हणून नवीन ठिकाणी मी पहिला बदल करतो तो वरच्या कोडवरून दर उचलण्याच्या सेटिंगमध्ये. ते सरसकट बंद करता येत नाही, कारण काही व्हेंडर खरोखरच मोठ्या गटांत दर देतात. पण काही कोडांखाली ते चालू ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. 1 खाली अमेरिका आणि कॅनडाबरोबर निम्मं कॅरिबियन बसलंय: जमैका, डॉमिनिकन रिपब्लिकचे 1809, 1829, 1849, आणि इतर बेटं. 7 खाली रशिया आणि कझाकस्तान. व्हॅटिकनचे नंबर इटलीच्या 39 खाली 3906698 ने सुरू होतात. ब्रिटनच्या मोबाइलचा 447 सगळ्यांत फसवा. त्यातच 447797 जर्सीचा, 447781 गर्न्सीचा, 447624 आइल ऑफ मॅनचा, आणि 4470 तर मोबाइलचा नाहीच, तो पर्सनल नंबरचा. अशा कोडांची एक यादी करून ठेवा आणि यादीतल्या कोडाला स्वतःचा दर नसेल तर तो व्हेंडर त्या देशापुरता गणतीतून बाहेर काढा. कॉल खरोखर थांबवायचे असतील तर कोड पुसू नका, 'ब्लॉक' अशी खूण करून ओळ जागेवर ठेवा.

दुसरी गोष्ट, शीट पूर्ण आहे की फक्त बदलांची. व्हेंडर दोन्ही प्रकार पाठवतात आणि कधीकधी विषयाच्या ओळीत चुकीचं लिहितात. बदलांची शीट पूर्ण म्हणून वाचली तर बाकीचं सगळं बंद पडतं. याच्या उलट घडलं तर व्हेंडरने काढून टाकलेले कोड जुन्या दराने जिवंत राहतात. तेव्हा यंत्राला सांगा की कोडांची संख्या आधीच्यापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त घटली, किंवा गेल्या आठवड्यात ज्यावर रहदारी होती असा एक जरी कोड नाहीसा झाला, तरी पुढे जायचं नाही, माणसाला हाक मारायची. दराचंही तसंच. वाढलेल्या दरावर सगळे लक्ष ठेवतात, पण पडलेला दर जास्त धोक्याचा. भारताचंच घ्या. बाहेरून येणाऱ्या कॉलचं टर्मिनेशन शुल्क, म्हणजे तो कॉल इथल्या फोनपर्यंत पोचवण्याची किंमत, ट्राय या दूरसंचार नियामकाने 1 मे 2020 पासून मिनिटाला 35 ते 65 पैसे या पट्ट्यात बांधून दिलं. 91 चा दर त्या खालच्या रेषेच्याही खाली आला, तर एकतर शीटमध्ये चूक आहे किंवा मिनिटं सिमबॉक्समधून, म्हणजे परदेशी कॉल स्थानिक सिमवरून आल्याचं भासवणाऱ्या यंत्रातून, चोरवाटेने जाणार आहेत. मला दोन्ही नकोत.

स्वस्तातला स्वस्त व्हेंडर धरण्याबद्दलही थोडं. समजा पहिला व्हेंडर मिनिटाला 0.010 डॉलर घेतो आणि दुसरा 0.014. तुम्ही पहिल्यावर दहा टक्के चढवून 0.011 ला विकलंत. पहिल्याच्या लाइन भरल्या की कॉल दुसऱ्याकडे जातात आणि प्रत्येक मिनिटाला 0.003 खिशातून. गेल्या आठवड्यात कॉल प्रत्यक्षात कुणाकडे किती गेले ते सीडीआरमध्ये, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदीत, लिहिलेलं असतं. त्या प्रमाणात सरासरी काढून त्यावर मार्जिन लावा. दर थोडा वर जातो, सेल्सवाले कुरकुरतात. कुरकुरू द्या.

पल्सकडे, म्हणजे कॉल किती सेकंदांच्या पटीत मोजायचा याकडे, तर कुणी बघतच नाही. व्हेंडर 60/60 ने मोजतो, म्हणजे पूर्ण मिनिटाच्या हिशेबाने, आणि तुम्ही कस्टमरला 1/1 ने, सेकंदाच्या हिशेबाने. मिनिटाला 0.05 डॉलरचा माल तुम्ही दहा टक्के चढवून 0.055 ला विकलात. कॉल झाला 61 सेकंदांचा. व्हेंडर दोन मिनिटांचे 0.10 लावणार, तुम्हाला मिळणार जेमतेम 0.056. कागदावर दहा टक्के नफा, प्रत्यक्षात जवळपास अर्धी रक्कम पाण्यात. जनरेटरने व्हेंडरच्या शीटमधला पल्स तसाच्या तसा कस्टमरच्या टेबलमध्ये उतरवला पाहिजे. कस्टमरला सेकंदाचाच हवा असेल तर तेवढा दर चढवून द्या.

तारखांनी जितकं दमवलं तितकं कशानेच नाही. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे व्हेंडरगणिक वेगळं, म्हणून तारखेची पद्धत व्हेंडरच्या खात्यातच कायमची नोंदवून ठेवावी, यंत्राला अंदाज करू देऊ नये. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, आणि उन्हाळ्यात लंडनच्या सर्व्हरवर रात्रीचा एक. त्यात दरवाढीची मुदत. सात दिवसांच्या नोटिशीवर दर वाढवायचा, हा बाजारातला सर्रास करार. व्हेंडरची वाढ मंगळवारी आली, पुढच्या मंगळवारी लागू. तुमचा जनरेटर दर सोमवारी चालतो. मग तुमच्या कस्टमरची नोटीस त्या सोमवारी निघते आणि त्याच्या पुढच्या सोमवारी लागू होते. मधले सहा दिवस तुम्ही महाग घेऊन स्वस्त विकताय, आणि यात कुणाचीच चूक नाही. वेळापत्रक घड्याळावर न ठेवता शीट आली की जनरेटर चालावा, असं बांधा. फक्त मेल आपोआप जाऊ देऊ नका.

मेल वेगळी ठेवण्याचं कारण असं की मधल्या वेळात एक काम करता येतं. नवा टेबल कच्चा ठेवायचा, गेल्या आठवड्याचे सीडीआर घ्यायचे आणि खरेदी-विक्री दोन्ही नव्या दरांनी पुन्हा मोजायची. देशवार नफा जुन्या आकड्यांशेजारी मांडला की जमैकासारखं प्रकरण लगेच डोळ्यांत भरतं. नफा घटतो म्हणून नव्हे, तर जमैकाची खरेदी एका रात्रीत अमेरिकेच्या भावात आलेली दिसते म्हणून. याला यंत्राची काही मिनिटं लागतात, माणसाचा चहा होतो तेवढ्यात. मग मंजुरी दुसऱ्या माणसाने द्यायची. ज्याने शीट इम्पोर्ट केली त्याने नाही. शुक्रवारी दुपारनंतर कुणीच नाही.

राहता राहिले हाताने बसवलेले दर. मोठ्या कस्टमरला सेल्सने शब्द दिलेला असतो, म्हणून कुणीतरी टेबलमध्ये एखादा आकडा अडकवून ठेवतो, आणि जनरेटर त्याला हात लावत नाही. महिन्याभराने तो शब्द कुणी दिला हे कुणालाच आठवत नाही. अशा प्रत्येक आकड्यापुढे देणाऱ्याचं नाव आणि संपण्याची तारीख असल्याशिवाय सॉफ्टवेअरने तो घेऊच नये. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शेवटच्या तारखेचा रकाना असतोच; तो रिकामा राहिला तर ओळ सेव्ह होणार नाही, एवढं करून घ्या.