नामावलीचे वाचन : दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक

प्रास्ताविक

स्थळभेटीवर आधारित लेखन हा उपयोजित मराठीच्या अभ्यासाचा एक भाग आहे. संग्रहालय किंवा कारखाना यांविषयी लिहिताना नेमके निरीक्षण केले, की निम्मे काम होते. स्मारकाच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. स्मारक पाहण्याआधीच त्याविषयीची वाक्ये आपल्या मनात तयार असतात. ‘महान’, ‘थोर’, ‘शूर’, ‘प्रेरणादायी’ ही विशेषणे कोणत्याही स्मारकाला चिकटवता येतात आणि म्हणूनच ती कोणत्याच स्मारकाविषयी काही सांगत नाहीत. प्रस्तुत पाठात नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारक ही एक भाषिक संहिता मानून तिचे वाचन कसे करावे, हे आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
(अ) स्मारकाची रचना आणि त्यावरील भाषा यांचा संबंध सांगता येईल;
(आ) मृत्यूविषयक शब्दांमधील अर्थभेद स्पष्ट करता येतील;
(इ) स्थळभेटीचे लेखन करताना विशेषनामांचे महत्त्व ओळखता येईल.

1. स्मारकाची रचना

हे स्मारक इंडिया गेटच्या परिसरात सुमारे 40 एकरांत उभे असून त्याचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले. त्याची मांडणी चार समकेंद्री वर्तुळांची आहे. बाहेरचे रक्षक चक्र झाडांच्या रांगांचे आहे. त्याच्या आत त्याग चक्र, नंतर वीरता चक्र आणि मध्यभागी अमर चक्र. अमर चक्रात स्तंभ आणि अखंड ज्योत आहे. वीरता चक्रात लोंगेवाला, रेझांग ला, टिथवाल अशा लढाया व मोहिमा दाखवणारी कांस्य शिल्पे आहेत.

त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या छोट्या पाट्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक पाटी एका सैनिकाची. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत मृत्यू पावलेल्या 25,000 हून अधिक सैनिकांची नावे येथे आहेत.

2. क्रियापद नसलेली संहिता

त्याग चक्रातील पाटी व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. तिच्यावर हुद्दा असतो, नाव असते, पलटण असते, क्रियापद नसते. वाक्य अपुरे आहे आणि ते पुरे करण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवलेले आहे.

आपण कोणते क्रियापद योजणार? ‘प्राण गेले’ आणि ‘प्राण दिले’ या दोन रचना शेजारी ठेवून पाहा. पहिल्या रचनेत ‘जाणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. घटना घडते, माणूस तिच्या तडाख्यात सापडतो. दुसऱ्या रचनेत माणूस कर्ता होतो. मृत्यूला त्याच्या इच्छेचा आधार मिळतो. ‘मारला गेला’ म्हटले, की मारणारा कोणी तरी आहे याची जाणीव राहते. पाटीवर एकच नाव असले, तरी तीन क्रियापदांनी तीन वेगळ्या कथा तयार होतात. म्हणून क्रियापदाची निवड जबाबदारीने करावी लागते.

3. ‘वीर’ आणि ‘हुतात्मा’

हे दोन शब्द आपण अनेकदा समानार्थी म्हणून वापरतो. स्मारक तसे करत नाही. परिसरातील परम योद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांपैकी 14 जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. उरलेल्या 7 जणांनी तो जिवंतपणी स्वीकारला. कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना मार्ग मोकळा करून दिला. ते त्या युद्धातून परतले आणि 1994 पर्यंत जगले. मुंबईत जन्मलेले पूना हॉर्सचे अर्देशिर तारापोर 1965 च्या युद्धात रणांगणावर पडले. दोघेही वीर आहेत; हुतात्मा मात्र एकच.

शब्दांची मुळेही लक्षात घ्या. ‘हुत’ म्हणजे अग्नीत आहुती म्हणून अर्पण केलेले. ‘हुतात्मा’ या शब्दामागे यज्ञाची प्रतिमा आहे. ‘शहीद’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. ‘धारातीर्थी पडणे’ या प्रयोगात शस्त्राची धार हेच तीर्थ ठरते. मराठीत ‘हुतात्मा’ हा शब्द सैनिकांपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या हुतात्मा चौकात ज्यांचे स्मरण केले जाते, ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत प्राण गमावलेले नागरिक होते.

4. न कोरलेली नावे

स्मारकाच्या जवळच 42 मीटर उंचीचे इंडिया गेट आहे. त्याची पायाभरणी 1921 मध्ये आणि उद्घाटन 1931 मध्ये झाले. पहिले महायुद्ध आणि तिसरे अफगाण युद्ध यांतील 13,000 हून अधिक नावे त्यावर आहेत. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या भारतीयांची संख्या मात्र 70,000 हून अधिक होती. म्हणजे बहुसंख्य मृतांना या कमानीवर जागा मिळाली नाही. साताऱ्याकडील काही गावांत त्या युद्धाच्या पाट्या आढळतात. गावातून किती पुरुष लढाईला गेले आणि त्यांपैकी किती परतले नाहीत, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. तेथे माणसाचा आकडा झालेला आहे.

या सैनिकांसाठी ‘देशासाठी प्राण दिले’ हे वाक्य वापरता येईल का? ते ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत होते. वाक्य चुकीचे ठरवण्याची घाई करू नका. मात्र ‘देश’ या शब्दाचा त्या काळातील अर्थ तपासल्याशिवाय ते लिहूही नका. 1971 च्या युद्धानंतर, जानेवारी 1972 मध्ये याच कमानीखाली अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली आणि 21 जानेवारी 2022 रोजी ती राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. एकाच परिसरात दोन काळांच्या दोन संहिता आहेत. त्या एकाच वाक्यात कोंबू नयेत.

समारोप

विशेषण अनेकांना एका रांगेत उभे करते. विशेषनाम एका माणसाला वेगळे ठेवते. ‘शूर सैनिक’ म्हटले, की 25,000 माणसे सारखी होतात. एक नाव, हुद्दा आणि पलटण नीट वाचली, की त्या नावामागचे गाव, भाषा, घर यांचा विचार सुरू होतो. स्मारकाला भेट द्याल तेव्हा सर्व भिंती पाहण्याचा अट्टहास करू नका. एक भिंत निवडा, तिच्यावरील दहा नावे सावकाश वाचा आणि ती वहीत उतरवून घ्या. लेखनाला तेथून आरंभ करा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. ‘प्राण गेले’, ‘प्राण दिले’ आणि ‘मारला गेला’ या रचनांमधील कर्त्याचे स्थान स्पष्ट करा.
2. ‘वीर’, ‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण लिहा.
3. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या स्मारकावरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. त्यात कोणाची नावे आहेत आणि कोणाची केवळ संख्या आहे, याविषयी एकही गौरवपर विशेषण न वापरता 200 शब्दांत लिहा.