पत्रा उघडा ठेवू नका

रत्नागिरीत पिकअप चालवायची म्हणजे गाडीला चरे पडणारच. हंगामात आंब्याच्या पेट्या आणि क्रेट, एरवी मासळीचे टब, आणि बागेकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या. कमाईच्या गाडीला एवढं चालायचंच, असं म्हणून बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. मला ते पटत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या मुलखात चऱ्याचा प्रश्न दिसण्याचा नाही, पत्र्याच्या आयुष्याचा आहे. इतक्या वर्षांत हाताखालून जे गेलं, त्यातून शिकलेलं इथे मांडतो.

१. आधी चरा ओळखा.
गाडी धुतल्याशिवाय निदान करू नका. पुष्कळदा तो चरा नसतोच, क्रेटचं प्लास्टिक किंवा दुसऱ्या गाडीचा रंग घासून चिकटलेला असतो आणि रबिंग कंपाउंडने निघून जातो. खरा चरा असेल तर त्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही आणि पाणी लावल्यावर चरा दिसेनासा झाला, तर जखम वरच्या पारदर्शक थरापुरती आहे. तिथे पॉलिश पुरतं. नख अडकलं तर रंग भरावा लागेल. तळाशी काळपट चकाकी किंवा लाली दिसली, तर पत्रा उघडा पडला आहे. ते काम त्याच दिवशी हातात घ्या.

२. रंग किती पातळ असतो, हे कायम ध्यानात ठेवा.
कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे सगळं संरक्षण दोन केसांच्या जाडीत. म्हणून वॉटर पेपर २००० नंबरचा घ्या, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने फिरवा. कडा आणि कोपऱ्यांवर रंग आणखी पातळ असतो, तिथे शक्यतो पेपर लावूच नका. साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्यांवर वरचा पारदर्शक थर नसतो. कंपाउंड लावलेलं फडकं पांढरं व्हायला लागलं, तर तुम्ही थेट रंगच घासताय हे ओळखा.

३. जांभ्याची धूळ आणि गंज यांत गफलत करू नका.
आपल्याकडची माती लाल, गंजही लाल. चऱ्यात बसलेली जांभ्याची धूळ मऊ ब्रश आणि पाण्याने सुटते. गंज सुटत नाही. त्याच्या कडेचा रंग किंचित उचललेला असतो, नखाने टोकरला तर पापुद्रा निघतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून वर ढकलतो. मीठ असेल तर हा खेळ फार भराभर चालतो.

४. गंजावर रंग मारू नका.
ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ. पेन्सिलीच्या मागच्या सपाट टोकाला वॉटर पेपरचा टिकलीएवढा तुकडा चिकटवा आणि फक्त चऱ्यापुरतं घासा. आजूबाजूचा चांगला रंग शाबूत राहतो. पत्रा स्वच्छ चमकला की स्पिरिटच्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि लगेच प्रायमरचा पातळ हात द्या. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवला, तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते.

५. रंग पातळ भरा, थांबून भरा.
पांढरा म्हणजे एकच पांढरा नव्हे. गाडीच्या प्लेटवरचा रंगाचा कोड बघून टचअप घ्या. रंग मिसळून घेतला असेल तर तो लपलेल्या जागी लावून, सुकल्यावर, दिवसाच्या उजेडात जुळवा. बाटलीतला ब्रश बारीक चऱ्यासाठी जाड पडतो. टोक काढलेल्या काडीने थेंब सोडला तर तो चऱ्यात आपोआप पसरतो. दोन हातांमध्ये सुकायला वेळ द्या. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर आला की थांबा. आठवडाभराने तो घट्ट झाल्यावर पेपर आणि कंपाउंडने सपाट करा.

६. ही कामं मे संपायच्या आत उरका.
दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका, निस्तेज होतो. पावसात चरा पडलाच तर कोरड्या शेडमध्ये निदान प्रायमर लावून पत्रा झाका. रंगाचं पावसाळ्यानंतर बघता येईल.

७. हौद्याला चमक नको, कवच हवं.
हौदा आणि फाळका रोज घासले जाणार, तिथे पॉलिशवर वेळ घालवू नका. गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर जाडसर रंग पुरे. मासळीच्या फेरीनंतर हौदा गोड्या पाण्याने धुवा आणि पाणी जाण्याची भोकं मोकळी करा. पत्रा सडतो तो साचलेल्या खाऱ्या पाण्याने, मग वर रंग कितीही भारी असो. रंग देताना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मात्र झाकून घ्या.

८. आपली हद्द ओळखा.
पोचा आला असेल, रंगाखाली फुगे असतील किंवा चरा दरवाजाभर असेल, तर पेंटरकडे जा. लांबी भरण्याआधी पत्रा साफ केलेला आपल्या डोळ्यांनी बघा. गंजावर भरलेली लांबी उखडतेच. किरकोळ चऱ्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशेब मांडा. एका विनाक्लेम वर्षाला तो २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. टचअपचा खर्च त्यापुढे फार थोडा.

९. चरा सांगणाऱ्यावर ओरडू नका.
चरा पडतो तेव्हा बहुधा मालक तिथे नसतो. ड्रायव्हर असतो, पेट्या चढवणारी पोरं असतात. बोलणी बसणार असतील तर ती गप्प राहतात आणि चरा आपल्याला कळतो तो गंज धरल्यावर. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, गाडीला काही लागलं तर त्याच संध्याकाळी सांगा, पगारातून काही कापणार नाही. प्रायमरची डबी आणि वॉटर पेपर गाडीतच ठेवलेत. आता ड्रायव्हर स्वतःच चरा साफ करून प्रायमर लावतो आणि मग मला सांगतो. पत्रा वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.