अनुदानाची यादी आणि गावाची चावडी

शेतकऱ्यास मिळणारे शासकीय अर्थसाहाय्य दोन वाटांनी येते. खत स्वस्त दराने मिळते तेव्हा त्या सवलतीवर कोणा शेतकऱ्याचे नाव नसते, कारण अनुदानाची रक्कम खत कंपनीकडे जाते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे तसे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आरंभ झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाच्या खात्यात वर्षाकाठी ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट जमा होतात. येथे प्रत्येक रकमेमागे एक नाव असते. ते नाव लोकांसमोर असावे काय?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) अन्वये अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेली रक्कम व लाभधारकांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, कोणाच्या अर्जाची वाट न पाहता, आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे. किसान सन्मान निधीच्या मार्गदर्शक सूचनांतही लाभार्थ्यांच्या याद्या ग्रामपंचायतीत लावण्यास सांगितले आहे.

तथापि यादी लागणे आणि ती वाचली जाणे या भिन्न गोष्टी होत. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींच्या खात्यांत सुमारे २,९९२ कोटी रुपये जमा झाले होते. त्यांपैकी सुमारे ४.४५ लाख व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. अपात्र ठरलेल्यांत आयकर भरणारे बरेच निघाले आणि तहसील कार्यालयांवर वसुलीच्या नोटिसा काढण्याची वेळ आली. दिलेला पैसा परत मागणे हे कोणत्याही कार्यालयाला नकोसे काम!

शेजारी आयकर भरतो की नाही, हे गावाला ठाऊक असतेच असे नाही. ते दोन नोंदी संगणकावर ताडून पाहिल्यावरच उघड होते. याउलट खातेदार वारला आहे, किंवा एकाच घरात पती-पत्नी दोघांच्याही नावे हप्ता येतो, हे संगणकाला उशिरा कळते; गावाला ते आधीच माहीत असते. (पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले मिळून या योजनेत एकच कुटुंब धरले जाते.) एक तपासणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. सात-बाराच्या नोंदींचे चावडीवाचन महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे आणि २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्याही चावडीवर वाचण्यात आल्या होत्या. अशा वाचनात कोणाचे नाव चुकून आले एवढेच कळत नाही, तर कोणाचे नाव नाही हेही कळते. बटाईने जमीन कसणारा आणि सात-बारावर नाव नसलेली, परंतु शेतात राबणारी स्त्री यांची नावे यादीत सापडत नाहीत. कारण पात्रता जमिनीच्या मालकीवर ठरते, कष्टावर नव्हे.

नावे जाहीर करण्यास मर्यादा मात्र हवी. युरोपीय संघात शेतीअनुदान घेणाऱ्या सर्वांची नावे सरसकट प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा जर्मनीतील शेतकऱ्यांनी त्यास हरकत घेतली. २०१० मध्ये संघाच्या न्यायालयाने व्यक्तींच्या बाबतीत ते नियम रद्द केले; लहान-मोठ्या रकमांत भेद केला नाही, हा त्यांतील दोष. २०१३ च्या नव्या नियमांनी अगदी अल्प रक्कम घेणाऱ्यांची नावे वगळून प्रसिद्धी पुन्हा सुरू केली. आपल्याकडे हप्ता सर्वांना सारखाच असल्याने रकमेनुसार भेद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. नाव, गाव व मिळालेले हप्ते एवढा तपशील गावाच्या पडताळणीस पुरेसा आहे. बँक खाते, आधार व दूरध्वनी यांचे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे कारण नाही.