घरातला एकच आजारी असतो का?

घरभेटीला जाणारे आपल्यात कमी नाहीत. व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद दोघे-दोघे जातात, लहान ख्रिस्ती समूहाचे पुढारी जातात, सिस्टर्स जातात, फादर तर जातातच. घरात शिरल्यावर बहुधा एकाच माणसाविषयी ऐकायला मिळते. ह्यांची दारू सोडवा. पोरगा शाळेत जात नाही, त्याला चार शब्द सांगा. मग आपण त्या एकाला गाठतो, समजावतो, प्रार्थना करतो, शपथ घ्यायला लावतो. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. असे का होते याचा एक उलगडा कुटुंबाच्या अभ्यासातून मिळतो.

मरे बोवेन (१९१३-१९९०) हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ. १९५४ ते १९५९ या काळात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी मनोरुग्णांबरोबर आधी आयांना आणि पुढे वडील व भावंडांनाही वॉर्डात राहायला आणले. एकाला बरे वाटू लागले की दुसऱ्याची अस्वस्थता वाढते, दोघांत ताण आला की तिसरा ओढला जातो, हे त्यांना रोज दिसू लागले. यावरून त्यांनी मांडले की कुटुंब म्हणजे सुटी सुटी माणसे नव्हेत; ते एकमेकांना बांधलेले एक शरीर आहे. संत पौलाने मंडळीविषयी हेच उदाहरण वापरले आहे, त्यामुळे आपल्याला ते परके वाटू नये.

आपल्या देशातही त्याच दशकात असे काही घडत होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा अपुरी होती. डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला सांगितले. घरचे लोक आजार जवळून पाहू लागले, त्यांची भीती गेली, आणि रुग्ण घरी परतू शकले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही (१९५७) नातेवाइकाने सोबत राहण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे आजाऱ्याला एकट्याने दवाखान्यात कोण पाठवते? शताब्दी रुग्णालयात एका खाटेमागे चार माणसे उभी असतात. डॉक्टर वैतागतात, पण त्या चार माणसांतच उपचाराचा अर्धा भाग असतो.

आता बैंगनवाडीतील एक खोली डोळ्यांपुढे आणू. ही कुणा एकाची हकीकत नव्हे. अशी घरे अनेक आहेत. वडील पितात. आई धुणीभांडी करून घर चालवते. चौदा वर्षांची थोरली मुलगी रेशन आणते, धाकट्यांना शाळेत सोडते, आणि रात्री आई तिच्याजवळच रडते. नवऱ्याशी जे बोलायचे ते आई मुलीशी बोलते. वडिलांना काही सांगायचे तर तेही मुलीमार्फत. पुढे वडील उपचाराला जातात. वांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले, त्याला अशीच माणसे कारण होती. तर वडील दारू सोडून घरी येतात. आनंदीआनंद व्हायला हवा, पण आठवड्याभरात भांडणे वाढतात. पगार कुणाच्या हाती द्यायचा? घरात शब्द कुणाचा चालणार? मुलगी चिडचिडी होते, कारण तिचे काम गेले आणि आईची जवळीकही गेली. कुणालाही त्याने पुन्हा प्यावे असे वाटत नाही, तरी सगळ्यांचा कल जुन्या घडीकडेच असतो. म्हणूनच मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट १९५१ मध्ये अमेरिकेत निघाला. त्याच्या बैठकांत पिणाऱ्यापेक्षा स्वतःच्या वागण्याविषयी अधिक बोलतात.

दोघांतील ताण तिसऱ्यावर टाकण्याला बोवेन यांनी त्रिकोण म्हटले. घरभेटीला गेलेला माणूस हा तयार तिसरा कोपरा असतो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात; इथे तिसऱ्याच्या डोक्याला ताप. शुभवर्तमानात लूकने असे दोन प्रसंग दिले आहेत. मार्था बहिणीची तक्रार बहिणीकडे न करता येशूकडे करते. येशू मरियेला स्वयंपाकघरात पाठवत नाही. मार्थाला नावाने हाक मारून तिच्या काळजीविषयी तिच्याशीच बोलतो. दुसऱ्या प्रसंगी एक जण भावाला वाटणी द्यायला सांगा म्हणतो, तेव्हा येशू न्यायाधीश व्हायला साफ नकार देतो आणि लोभाकडे वळतो. माणसाला तो टाकत नाही, पण त्याचा निरोप्याही होत नाही. बोवेन ज्याला स्वतःचे भान राखून जवळ राहणे म्हणतात ते हेच.

प्रत्यक्षात काय करावे? सुनेची तक्रार ऐकून घेतल्यावर "हे तुम्ही सासूबाईंना सांगितले का? मी बसतो, तुम्ही बोला," एवढे म्हणता येते. आजी-आजोबांपासून तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढावा: कोण गावी राहिले, कोण अकाली गेले, कुणाशी बोलणे बंद आहे. नगर-जालन्याकडून पोटासाठी इथे आलेल्या घरांत हा कागद फार बोलका होतो. जमिनीच्या वाटणीचा जुना राग कधी कधी नातवाच्या लग्नात उफाळतो.

अमेरिकेतील यहुदी धर्मगुरू एडविन फ्रीडमन यांनी १९८५ साली 'जनरेशन टू जनरेशन' या पुस्तकात मांडले की धर्मसेवकाच्या वाट्याला तीन कुटुंबे येतात: लोकांची घरे, मंडळी हेही एक कुटुंब, आणि त्याचे स्वतःचे घर. एकातील ताण दुसऱ्यात सहज उतरतो. फादरांवरचा राग गायनवृंदाच्या मिटिंगमध्ये निघतो, हे काही आपल्याला शिकवायला नको.

मात्र या विचाराला मर्यादा आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. एके काळी स्किझोफ्रेनियाचे खापर आईच्या माथी फोडले जाई. ते चुकीचे ठरले. क्षयाचा जंतू घरच्या भांडणातून येत नाही, त्याला गोळ्याच लागतात. आणि मार खाणाऱ्या स्त्रीला "टाळी एका हाताने वाजत नाही" असे कुणीही सांगू नये. तेथे त्रिकोण, नकाशा, एकत्र बैठक सगळे बाजूला ठेवावे. मारणाऱ्यासमोर तिला बोलायला लावणे धोक्याचे असते. आधी ती आणि मुले सुरक्षित हवीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. आपल्या शेजारच्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो अशाच स्त्रियांसाठी. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरभेटीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.