बांधावरची फुलपाखरे : निरीक्षण व छायाचित्रण
धरमतर खाडीकाठच्या शेतकऱ्यांकरिता एक अभ्यासपाठ

पेण व रोहे या तालुक्यांतील शेतकऱ्यास फुलपाखरू ही काही नवलाची वस्तू नव्हे. भाद्रपदात उघडीप पडली की बांधावरच्या टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे उठबस करताना दिसतात, आणि परसातील लिंबाभोवती काळी-पिवळी घिरट्या घालतात. आपण ती रोज पाहतो, परंतु निरखीत नाही. मुलांचा खेळ व कवींचा विषय, एवढीच त्यांची किंमत आपण ठरवून टाकिली आहे. आमचे म्हणणे असे की, फुलपाखरे निरखण्याचा व त्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद जितका मनास विसावा देणारा, तितकाच शेतीच्या कामाचा आहे. आणि त्याची उत्तम सोय शहरातील हौशी गृहस्थापेक्षा रोज त्याच बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यासच आहे.

यात शेतकऱ्याचा खरा लाभ कोणता, ते आरंभीच सांगणे बरे. पानावर अळी दिसली की पंप पाठीस लावावयाचा, ही रीत सांप्रत फार पसरली आहे. ती अळी कोणाची, ती काय खाते, झाडावर किती आहेत, याची चौकशी फवारणीपूर्वी क्वचितच होते. त्यामुळे दोन प्रकारे तोटा होतो. औषधाचे पैसे व्यर्थ जातात, आणि शत्रूबरोबर मित्रही मरतात. ही चौकशी करण्याचे शिक्षण ज्या छंदातून आपोआप मिळते, तोच आजच्या पाठाचा विषय आहे.

छंदाची परंपरा

हा छंद आपल्या मुलखास नवा नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे १८५१ साली साताऱ्यास जन्मले व पुढे मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यात नोकरीस लागले. उरण, रत्नागिरी, कारवार अशा ठिकाणी मिठागरे व जकातनाकी सांभाळता सांभाळता त्यांनी पक्षी, किडे व फुलपाखरे यांची टिपणे केली, आणि १९०३ साली कॉम्बर यांच्यासह कोकणातील फुलपाखरांची यादी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. कारवारकडील वनाधिकारी टी. आर. बेल यांनी तर अळ्या घरी पाळून, कोणती अळी कोणते पान खाते व तिचे कोणते फुलपाखरू होते, हे वर्षानुवर्षे पाहून लिहून ठेविले. ही माणसे आपापले रोजचे काम सोडून रानात गेली नव्हती. कामाच्या वाटेवर जे दिसले ते त्यांनी नीट पाहिले, इतकेच.

अलीकडचे उदाहरण ठाण्याजवळच्या घोडबंदर रस्त्यावरील ओवळे गावचे आहे. तेथे राजेंद्र ओवळेकर या शिक्षकांनी घरच्या सुमारे दोन एकर वाडीत अळ्यांना खाद्य देणारी व मध पुरविणारी झाडे लावून फुलपाखरांचे उद्यान केले. त्या वाडीत शंभराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. फुलपाखरे कोणी बाहेरून आणून सोडिली नाहीत. झाडे लाविली, औषधे मारिली नाहीत, आणि फुलपाखरे आपणहून आली.

प्रथम ओळख

फुलपाखराच्या आयुष्याच्या चार अवस्था आहेत : अंडे, अळी, कोष व पाखरू. लिंबावरच्या फुलपाखराचे उदाहरण घेऊ. मादी कोवळ्या पानावर सुटे सुटे, फिकट पिवळे, गोल अंडे घालते. काही दिवसांत अळी निघते. लहानपणी ती काळी-पांढरी व अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टिपीत नाहीत. मोठी झाल्यावर ती हिरवी होते व पानात मिसळून जाते. तिला डिवचले असता डोक्यामागून दुपेडी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे कोष होतो, व अंड्यापासून सुमारे महिनाभरात पाखरू उडते. हानी करते ती अळी. पाखरू केवळ मध पिते व फुलांवर पराग वाहून नेते.

फुलपाखरू व पतंग यांतील भेदही ध्यानी असावा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकास काडेपेटीच्या काडीसारखी गाठ असते; पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू दिवसा हिंडते व बसताना बहुधा पंख पाठीवर मिटते; पतंग बहुतांशी रात्री हिंडतो व पंख पसरून किंवा छपरासारखे ठेवून बसतो. भाताचा मोठा वैरी जो खोडकिडा, तो पतंगाच्या कुळातला आहे. त्याची मादी गवती पिवळ्या रंगाची असून पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो, व ती रात्री दिव्यावर येते. भातावर फुलपाखरांच्याही अळ्या असतात. डोक्यावर दोन शिंगे असलेली हिरवी अळी ही त्यांपैकीच. परंतु तिच्यापासून होणारे नुकसान बहुधा किरकोळ असते. दोहोंस एकच समजून फवारणी करणे म्हणजे चोर सोडून संन्याशास शिक्षा देणे होय.

कोठे काय पाहावे

खारबंदिस्तीच्या बांधापासून आरंभ करावा. धरमतर खाडीच्या काठी खारफुटीच्या मागे पिलूची झुडपे आढळतात. त्यांच्या पानांस मोहरीसारखा तिखटपणा असतो. फिकट गुलाबी-केशरी पंखांचे, काळ्या काठाचे एक लहान फुलपाखरू आपली अंडी याच पिलूवर घालते. झुडूप गेले की तेही गेले. रानात व वाटेवर ओल्या मातीवर पुष्कळ फुलपाखरे एकत्र बसलेली दिसतात. ती पाण्याबरोबर क्षार शोषून घेत असतात. त्यांत बहुतेक नर असतात, व ते क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातात.

भात कापल्यावर आपल्याकडे वाल करितात. वाल फुलावर आला की निळसर रंगाची, मागील पंखांस बारीक शेपटी असलेली लहान फुलपाखरे त्यावर येतात. यांची अळी फुलांत व शेंगांत शिरून दाणे खाते. ही आपली शत्रू खरी. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिच्याभोवती जमतात. म्हणून वालाच्या फुलोऱ्यावर मुंग्यांची ये-जा वाढलेली दिसली, तर आत डोकावून पाहावे.

आता मित्रांकडे वळू. जुन्या आंब्यांवर बांडगूळ माजते व झाडाचे पाणी शोषते, हे सर्वांस ठाऊक आहे. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग, काळ्या शिरा व काठाशी तांबडे ठिपके असलेले जे देखणे फुलपाखरू आंब्याच्या शेंड्याभोवती हिंडते, ते हळदीकुंकू होय. त्याच्या अळ्या समूहाने बांडगुळाची पाने खातात. आंब्यास तोंड लावीत नाहीत. या अळ्या बांडगूळ समूळ नाहीसे करतील असे मात्र मानू नये. ते कापून काढणेच इष्ट. तथापि बांडगुळावरच्या अळ्या पाहून आंब्यावर औषध मारणे केवळ चुकीचे होय.

याहून नवलाची गोष्ट पिठ्या ढेकणांची आहे. जास्वंद, सीताफळ इत्यादी झाडांवर पांढरे पिठूळ ढेकूण जमतात. एका लहान, करड्या रंगाच्या फुलपाखराची अळी पाने खात नाही. हे ढेकूणच खाऊन राहते, व त्यांचीच मेणचट भुकटी अंगावर घेऊन त्यांच्यात लपते. तिच्या कोषावर माकडाच्या तोंडासारखी आकृती दिसते. ढेकणांच्या गर्दीत अशी अळी किंवा असा कोष आढळला, तर त्या फांदीस औषध लावू नये.

काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेले राणी पाकोळी हे मोठे फुलपाखरू आपल्या वाड्यांतून दिसते. २२ जून २०१५ रोजी महाराष्ट्राने त्यास राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. त्याची अळी लिंबू, पपनस यांच्या कुळातील झाडांवर वाढते. लिंबाच्या लहान कलमावर अळ्या असतील तर त्या हाताने वेचून बांधावरच्या मोठ्या झाडावर सोडाव्या. मोठे झाड चार पाने देऊन खचत नाही. ज्यांस रानातील जाती पाहावयाच्या असतील, त्यांनी मुरूड व रोहे तालुक्यांतील फणसाड अभयारण्यास पावसाळ्यानंतर एकवार जाऊन यावे.

छायाचित्र कसे घ्यावे

पूर्वी फुलपाखरू ओळखावयाचे तर ते जाळ्यात धरून, टाचणीने टोचून ठेवीत. आता त्याची गरज नाही, व कित्येक जाती कायद्याने संरक्षित असल्यामुळे तसे करणे योग्यही नाही. छायाचित्राने तेच काम जीव न घेता होते. ज्यांजवळ कॅमेरा आहे त्यांनी ९० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग वापरावे. परंतु आरंभास साधा मोबाईल पुरतो.

उन्हे वर आल्यापासून दोन-तीन तासांचा काळ उत्तम. फार सकाळी, दव असता, फुलपाखरू गारठून स्वस्थ बसते. तेव्हा नवशिक्यासही छायाचित्र साधते. जवळ जाताना सावकाश जावे, खाली वाकावे, आणि आपली सावली त्यावर पडू देऊ नये. सावली पडताच ते उडते. पहिले चित्र दुरूनच घेऊन ठेवावे व मग पाऊल पुढे टाकावे. मिटलेले पंख टिपताना कॅमेरा पंखांस समांतर धरावा, म्हणजे सर्व पंख स्पष्ट येतो. मोबाईलमध्ये चित्र ओढून मोठे करण्यापेक्षा स्वतः जवळ जावे.

एका फुलपाखराची शक्य तर तीन चित्रे असावी : पंखांची वरची बाजू, खालची बाजू, व ज्या झाडावर ते बसले त्याचे पान. याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. रुईची पाने खाऊन वाढणारे एक तांबूस-केशरी फुलपाखरू विषारी असल्याने पक्षी त्यास टाळतात. दुसऱ्या एका जातीची मादी विषारी नसून हुबेहूब तेच रूप घेते व पक्ष्यांस फसविते. बांधावर उडताना दोन्ही एकच वाटतात. चित्र निवांत पाहिले म्हणजे कळते की, पहिलीच्या मागील पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके आहेत, व दुसरीस ते नसून पुढल्या काठाशी एकच ठिपका आहे. डोळ्यास जे क्षणभर दिसते, ते छायाचित्र तपासण्याकरिता थांबवून धरते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. चित्राच्या नादात गवतात उघड्या पायांनी शिरू नये. आपल्या भागात फुरसे पुष्कळ. आणि चित्र बरे यावे म्हणून फुलपाखरू हातात धरणे किंवा फांदी मोडणे सर्वथा टाळावे.

नोंदवही

चित्रास नोंदीची जोड नसेल तर ती केवळ हौस राहते. साध्या वहीत पाच रकाने आखावे : तारीख, ठिकाण, झाड, काय दिसले व किती दिसले. नाव ठाऊक नसल्यास जागा कोरी सोडावी. ते मागाहून भरता येते. गेलेली तारीख मात्र पुन्हा मिळत नाही. आयझॅक किहीमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरील सचित्र इंग्रजी पुस्तक २००८ साली निघाले आहे. गावच्या वाचनालयाने एक प्रत घेतल्यास साऱ्या गावास उपयोग होईल. २०२० पासून दर सप्टेंबरात देशभर हौशी मंडळी फुलपाखरांची नोंद करितात. त्यातही आपली वही कामास येईल.

अशी वही तीन-चार वर्षे ठेविली, तर वालावर अळी कोणत्या आठवड्यात येते व कोणत्या झाडावर मित्र नांदतात, हे शेतकऱ्यास स्वतःच्या शेताविषयी कळू लागते. दुसराही उपयोग आहे. धरमतरच्या काठी कारखाने, धक्के व रुंद रस्ते झाले, आणि जमिनीचे रूप पालटत आहे. काय होते व काय गेले, याचा पुरावा मागाहून निर्माण करता येत नाही. तो ज्याने त्या त्या दिवशी टिपून ठेविला, त्याच्यापाशीच असतो.

या महिन्याचे काम

१. आपल्या परसातील लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या एका झाडावर अंडे अगर अळी शोधून पाखरू होईपर्यंत रोज एक छायाचित्र घ्यावे.
२. एकच बांध ठरवून, आठवड्यातून एकदा, त्याच वेळी अर्धा तास चालावे व दिसतील त्या जाती मोजाव्या.
३. पुढील फवारणीपूर्वी दहा झाडे तपासावी. अळी कोणती व किती, हे वहीत लिहावे, आणि मगच पंपास हात लावावा की नाही ते ठरवावे.

घरातील शाळकरी मुलामुलींस या कामी बरोबर घ्यावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते, व मोबाईल त्यांच्या हाती असतोच. तो बांधावर नेण्याचे हे एक चांगले निमित्त होईल.