बालपणीचे वाचन आणि कादंबरीकार : चार्ल्स डिकन्सचे उदाहरण

मुलाने वाचलेल्या पुस्तकाचे पुढे काय होते, याची नोंद शाळेच्या दप्तरात कोठेच सापडत नाही. पाठ्यपुस्तकाची परीक्षा होते, गुण मांडले जातात. परंतु आवडीने वाचलेली गोष्ट मनात कोठे जाऊन बसली, हे त्या मुलासही सांगता येत नाही. असा माग पुढील आयुष्यात घेता येईल अशी उदाहरणे थोडी. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) याचे उदाहरण त्यांपैकी एक होय.

डिकन्सचे वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होते. चॅटम या बंदराच्या गावी राहत असता घराच्या माडीवरील लहानशा खोलीत त्यांनी जमविलेली थोडी पुस्तके होती : फील्डिंग व स्मॉलेट यांच्या कादंबऱ्या, गोल्डस्मिथचा ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’, ‘डॉन क्विक्झोट’, ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुढे मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी. त्या खोलीकडे घरातील दुसरे कोणी फिरकत नसे. मुलगा वाची, आणि वाचलेल्या कथेचा नायक होऊन दिवसचे दिवस वावरे. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील नायकाच्या वाचनाचे वर्णन हे डिकन्सचे स्वतःचेच होय, असे त्याचा मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने नमूद केले आहे.

पुढे कुटुंब लंडनला आले आणि कर्ज वाढत गेले. घरातील वस्तू विकण्याची वेळ आली तेव्हा प्रथम ही पुस्तके गेली. ती दुकानात पोचविण्याचे कामही याच मुलाच्या वाट्यास आले. १८२४ मध्ये वडील कर्जापायी तुरुंगात पडले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या रोगणाच्या बरण्यांना चिठ्ठ्या डकविण्याच्या कामास लागला.

पुस्तके अशा रीतीने हातची गेली. मनातून मात्र गेली नाहीत. तीस वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याने ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी लिहिली. तीत केवळ वस्तुस्थिती घोकविणारी, कल्पनेस मज्जाव करणारी एक शाळा आहे. तेथील नवशिक्षित मास्तर वर्गावर नजर फिरवितो, तेव्हा डिकन्सला उपमा सुचते ती अलिबाबाच्या दासीची! रांजणांत एकामागून एक डोकावणाऱ्या मॉर्जियानेप्रमाणे हा मास्तर मुलांत काय भरले आहे ते पाहू लागतो. ही उपमा योजून घातली की ओघात आली, हे ठरविणे कठीण. चॅटमच्या खोलीत ते रांजण मनात उतरले नसते, तर या वर्गात ते दिसले नसते, एवढे म्हणता येते.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग याहून निराळा आहे. चॅटमच्या शाळेत विल्यम जाइल्स नावाचे तरुण शिक्षक होते. १८२२ च्या सुमारास चार्ल्सला गाव सोडावे लागले. निघण्याच्या आदल्या रात्री सामानाच्या खोक्यांमधून वाट काढीत जाइल्स आले आणि आठवण म्हणून त्यांनी गोल्डस्मिथचे ‘द बी’ हे पुस्तक मुलाच्या हाती ठेवले. १७५९ मध्ये निघालेल्या एका अल्पायुषी साप्ताहिकातील निबंधांचा हा संग्रह. डिकन्सने तो पुष्कळ काळ जपला. १८३९ मध्ये नव्या नियतकालिकाची कल्पना मांडताना त्याने ‘बी’चा नमुना म्हणून उल्लेख केला; हा परिणाम जाणता होय. पण त्याच संग्रहात उत्तररात्रीच्या लंडनवर एक निबंध आहे : ओस रस्ते, आणि श्रीमंतांच्या दारांशी निजलेले निराधार लोक. १८६० मध्ये डिकन्सने झोपेविना रात्री शहरभर फिरण्यावर लेख लिहिला, त्यातही बेघर माणसाच्या नजरेने पाहिलेले तेच शहर आहे. याला अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. ते रस्ते त्याने स्वतःच्या पायांनी तुडविले होते. तथापि असे रस्ते पाहण्यासारखे असतात, हे त्या मुलाला प्रथम कोणी दाखविले असेल, याचा विचार करताना जाइल्स यांची ती भेट आठवल्याविना राहत नाही.

त्या पुस्तकावर दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारले जाणार नव्हते. मुलगा गावच सोडून चालला होता. आपल्याकडे पुस्तकपेटीतून घरी गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागण्याची प्रथा काही शाळांत दिसते. देवघेवीची नोंद अवश्य ठेवावी. सारांशाची सक्ती मात्र विचार करूनच करावी. कारण तिच्या धाकाने मुले सर्वांत पातळ पुस्तक निवडतात. पाने दुमडली म्हणून मुलांस पुन्हा पुस्तक न देणे हे तर सर्वथा टाळावे.

‘पिक्विक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने निघत होती. ती निम्म्यावर आली असता जाइल्स यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यास चांदीची तपकिरीची डबी पाठविली. बॉझ या टोपणनावाने तो तेव्हा लिहीत असे. डबीवर ‘अननुकरणीय बॉझ’ असे कोरले होते. पुढे डिकन्स पत्रांतून स्वतःस गमतीने हेच विशेषण लावीत असे.